चोडणच्या तिवरांत गाईड व्हायचं असेल तर

पावसाळा सरत आला की मुलंमुली विचारायला येतात, "होडीवर नेचर गाईडचं काम मिळेल का?" पक्ष्यांची नावं तोंडपाठ असतात, गळ्यात दुर्बीण असते. काम मिळतं. पण मी आधी विचारतो, आज भरती किती वाजता आहे? या कामात पक्षी नंतर येतात, पाणी आधी.

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, तिवरांच्या म्हणजे खारफुटीच्या रानात, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की समोरच. इतकं लहान, पण सहा तासांत त्याचं रूप पार पालटतं. भरतीला चिखल झाकला जातो, चिखलात चरणारे पक्षी उठून जातात. मात्र होडी अरुंद फाट्यांत आतवर शिरते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) दिसू लागतात, एकच नांगी मोठी असलेले नर खेकडे बिळाबाहेर येतात, बगळे उतरतात. पण त्याच वेळी तुम्ही फाट्यात असलात तर होडी गाळात बसणार आणि पुढची भरती येईपर्यंत पाहुण्यांसह तिथेच.

भरतीचं तक्ता-पुस्तक मिळतं, मोबाईलवरही वेळा दिसतात. तरी जुना ठोकताळा शिकाच: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. चतुर्थी-पंचमीला भरती पहाटे तीन ते पावणेचारच्या सुमारास, म्हणजे सकाळी नऊ-दहाला पाणी तळाला. थंडीतली अशी सकाळ मगर बघायला सगळ्यात चांगली, कारण काठ उघडा पडलेला असतो आणि तिला ऊन हवं असतं. पाहुण्यांना तारीख देताना मी कॅलेंडरमधला वार नंतर बघतो, तिथी आधी.

मगरींसाठी कुंभारजुवे कालवा. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा हा फाटा सुमारे १५ किलोमीटरचा. मगर हा खरं तर गोड्या पाण्यातला प्राणी. इथे तो मचूळ पाण्यात राहतो, आणि पाहुण्यांना सांगण्यासारखी हीच गोष्ट आहे. "माणसं खाते का?" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा मी मानगे थापणीबद्दल सांगतो. बोरी-दुर्भाटच्या बाजूला खाजनातले, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतले, शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या शेजारी शेती केलेल्यांनी तिला बांधांची राखण मानलं आहे. हे ऐकून होडीतली माणसं शांत होतात, आणि जबडा उघडा टाकून पडलेल्या मगरीकडे वेगळ्या नजरेने बघतात. जबडा उघडा ठेवून ती अंगातली उष्णता कमी करते, हेही सांगून टाकावं.

होडीवाल्याचं ऐका. नवखा गाईड हटकून म्हणतो, "काका, आणखी थोडं पुढे घेऊया." आमच्या काकांचं उत्तर ठरलेलं: "नको. मगर पाण्यात गेली तर मागून येणाऱ्या होडीला काय दाखवायचं?" मशीन कुठे बंद करायचं, कुठून नुसतं वाहत जायचं, पाण्याखालची वाळूची रेव यंदा कुठे सरकली, हे त्यांना ठाऊक असतं. शक्य असेल तर एक हंगाम त्यांच्याबरोबर नुसतं बसा, वल्ही हातात घ्या.

झाडं मात्र स्वतःच ओळखायला शिका. तिवराचं पान घ्या, पानावर मिठाचे बारीक कण दिसतील. ते जिभेला लावून बघायला लहान मुलांना फार आवडतं. पण त्याच काठावर गेवाही असतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर आग होते, डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. दोन्ही झाडं लांबून ओळखता येईपर्यंत कुणाच्याही हातात पान देऊ नका. कांदळ सोपा: कमानीसारखी मुळं, आणि झाडावरच रुजून खाली लोंबणाऱ्या लांब शेंगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि पॉवरबोट चालवण्याचे अभ्यासक्रम आहेत, ते करा. होडी चालवायची असेल तर परवान्यासाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. लाईफ जॅकेट सगळ्यांनी घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही, पाहुणा कितीही मोठा असो.

स्थलांतरित पक्षी ऑक्टोबर ते मार्च असतात, तोच हंगाम. उरलेल्या महिन्यांत हे काम पुरेसं मिळत नाही, तेव्हा घरखर्चाची दुसरी सोय आधीच बघून ठेवा. पावसात खाजनाच्या बांधांवर फिरा. मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची, लाकडी दारं सुकतीला कशी आपोआप उघडतात आणि भरतीच्या रेट्याने कशी मिटतात ते उभं राहून बघा. दिवाळीनंतर पाहुणे त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात.