गढूळ पावसाचे पाणी आणि झीटा पोटेन्शियल: या चुका टाळा

रस्ते, छपरे आणि पार्किंगवरून वाहून आलेले पाणी सेटलिंग टँकमध्ये दिवसभर ठेवले तरी गढूळच राहते. त्यातल्या १ मायक्रॉनहून बारीक कणांवर, म्हणजे चिकणमातीवर आणि सेंद्रिय थर चढलेल्या धुळीवर, बहुधा ऋणभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात. हे ढकलणे किती जोरदार आहे याचा अंदाज देणारा कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युत दाब म्हणजे झीटा पोटेन्शियल. पीएच ६ ते ८ असताना ते बहुतेकदा −१० ते −३० मिलिव्होल्टच्या आसपास मिळते. आकडा फारच वेगळा आला, तर आधी मोजणी तपासावी.

डिस्टिल्ड वॉटरने पातळ करणे. सगळ्यात जास्त आकडे इथे बिघडतात. नमुना यंत्राला फार गढूळ वाटला की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. पण कणाभोवतीच्या आयनांच्या थराची जाडी पाण्यातल्या क्षारांवर ठरते. साध्या मिठाच्या १ मिलिमोलर द्रावणात ती सुमारे ९.६ नॅनोमीटर असते, १० मिलिमोलरमध्ये जेमतेम ३. क्षार घटले की थर फुगतो, कणावर बसलेला कॅल्शियम सुटू लागतो आणि आकडा आणखी ऋण येतो. म्हणजे मोजला जातो तो नाल्यातला कण राहतच नाही. त्याऐवजी त्याच नमुन्याचा काही भाग ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, सुरुवातीचे थोडे पाणी फेकून द्या आणि उरलेल्याने पातळ करा. आधी आणि नंतर पीएच व कंडक्टिव्हिटी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तितकी जास्त) जुळली नाही, तर तो आकडा बाद समजा.

चुकीची बाटली. धातूंच्या तपासणीसाठी ॲसिड घातलेला नमुना इथे चालत नाही, कारण ॲसिडने भारच बदलतो. गोठवलेलाही नको, गोठताना कण एकमेकांत दाबले जातात आणि वितळल्यावर सुटे होतीलच असे नाही. ४ अंश सेल्सिअसला ठेवा, शक्यतो त्याच दिवशी मोजा. बाटली फॉस्फेटवाल्या डिटर्जंटने धुऊ नका. फॉस्फेट कणांवर चिकटते.

जाड कण तसेच ठेवणे. ते यंत्रातल्या मोजणीच्या सेलमध्ये (छोट्या कुपीत) खाली बसत राहतात आणि बारीक कणांचा सिग्नल झाकून टाकतात. नमुना हलवून स्थिर ठेवा. २० अंशांना १० मायक्रॉनचा खनिज कण १० सेंटीमीटर खाली जायला सुमारे १९ मिनिटे घेतो. तेव्हा २० मिनिटांनी पिपेटने वरच्या १० सेंटीमीटरमधलेच पाणी घ्या.

गढूळपणा गेला नाही म्हणून तुरटी वाढवत जाणे. १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे ०.५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने), खाते. पावसाच्या पाण्यात ती मुळात कमी असते. लिटरला २० मिलिग्रॅम असेल, तर ४० मिलिग्रॅम तुरटीतच संपते. मग पीएच कोसळतो, ॲल्युमिनियम विरघळलेलेच राहते आणि गुठळ्या धरत नाहीत. दुसरीकडे, डोस जास्त झाला की कण धनभारित होऊन पुन्हा सुटे तरंगू लागतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच गढूळ दिसते, म्हणून जार टेस्टमध्ये (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून, आधी जलद मग हळू ढवळून पाहण्याच्या चाचणीत) जलद ढवळणे संपताच नमुना काढून मोजा. आकडा अजून −२० च्या आसपास असेल तर डोस वाढवा, धन असेल तर कमी करा. शून्याजवळ असूनही पाणी गढूळ असेल, तर दोष बहुधा हळू ढवळण्यात आहे: मिनिटाला सुमारे ३० फेरे, २० मिनिटे द्या. पीएच ५.५ च्या खाली गेला असेल तर आधी चुना किंवा सोडा.

वाळू सगळे अडवेल असे धरणे. या पीएचला वाळूही ऋणभारितच, त्यामुळे बारीक कण सहज पार होतात. लोहाच्या ऑक्साइडचा लेप असलेली वाळू त्यांना धरते, पण सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फेट चढले की तीही थकते. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे आणखी एक गोंधळ होतो. खारट पाण्यात अडकलेले कण पुढच्या गोड्या पावसात सुटतात आणि बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्यापेक्षा गढूळ दिसते. फिल्टर उकरण्याआधी त्या दोन्ही पाण्यांची कंडक्टिव्हिटी शेजारी ठेवून पाहा.