नव्या तंबोऱ्यावर चरा दिसला तर काय करायचं

मिरजेहून तंबोरा आणला, सोलापुरात घरी येऊन गवसणी काढली आणि भोपळ्यावर चरा दिसला की जीव हळहळतो, पण लगेच फडकं घेऊन घासत बसू नका. आधी दिवसाच्या उजेडात चारी बाजूंनी फोटो काढा आणि त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सॲप करा.

मग त्या रेषेवरून नख हळूच फिरवा, अडकलं नाही तर बहुतेक चरा पॉलिशवरचाच असतो, अडकलं तर बोटाने टकटक करून ऐका, आणि जवारी, म्हणजे तारांचा नेहमीचा गुंजणारा झणकार, सोडून वेगळीच खरखर येत असेल तर ती चीर असू शकते, सरळ कारागिराकडे न्या. भोपळा शेतात पिकतो ना, थोडा वाकडेपणा, उंचवटा असणारच, तो दोष धरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात लावू नका! लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं आणि बारीक चऱ्याचा मोठा डाग होतो. मऊ, कोरडं सुती कापड पुरे.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा वाद्य बंद गाडीत ठेवू नका, लाकूड सुकून सांधे उघडतात.