शाळेनंतरचा वर्ग पक्का करण्यापूर्वी

शुल्क, अंतर आणि बॅचची वेळ सगळेच पालक विचारतात, त्यामुळे ते सोडून देतो. मागच्या खेपेस माझ्या यादीतून जे निसटले, ते आधी लिहितो: वर्ग सुटण्याच्या वेळी, न कळवता, फाटकाशी जाऊन उभे राहावे. चाचणी-वर्ग बहुधा सुटीच्या सकाळी ठेवतात, मुख्य प्रशिक्षक त्या दिवशी स्वतः शिकवतात आणि कार्यालयातले सगळे हसतमुख असतात. परंतु आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मूल कोणाच्या हाती सोपवले जाते हे त्यावरून मुळीच कळत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कोंडी झाली की पालकाला अर्धा तास सहज उशीर होतो. त्या अर्ध्या तासात मूल कोठे बसते, सोबत कोण थांबते आणि ‘काकांनी पाठवलंय’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पहारेकरी काय विचारतो, हे डोळ्यांनी पाहावे. कोणी तोंडी सांगितले म्हणून समाधान मानू नये.

कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, हे विचारताना व्हॅनचालक आणि सफाई करणारे यांनाही त्यात धरावे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने (2012) बंधनकारक आहे. तेव्हा ‘असे काही झाले तर आम्ही आपसात मिटवतो’ असे उत्तर आल्यास तेथून सरळ उठावे.

पोहण्याचा वर्ग असेल तर शिकवणाऱ्याखेरीज निराळा जीवरक्षक काठावर हवा, कारण पाच मुलांचे हात-पाय सुधारणाऱ्याचे लक्ष सहाव्या मुलाकडे नसते. क्रिकेटच्या वर्गात नेटची संख्या मोजण्यापेक्षा रांगेतल्या शेवटच्या मुलाकडे पाहावे: तासाभरात त्याच्या हाती बॅट किती वेळ येते? मैदानी खेळ असेल तर जून ते सप्टेंबरची व्यवस्था लेखी मागावी. मैदानात पाणी साचलेले असताना तिमाहीचे शुल्क मात्र पूर्ण घेतले जाते. ‘पावसात हॉलमध्ये व्यायाम घेतो’ असे सांगितले तर तो हॉल दाखवायला लावावा.

हे सगळे मनासारखे निघाले तरी सुटण्याची वेळ पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. शक्य झाल्यास ती दोनदा पाहावी, त्यातही एकदा मुख्य प्रशिक्षक रजेवर असताना.

उरलेले थोडक्यात. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी. अर्जावर रक्तगट, ॲलर्जी आणि न्यायला येणाऱ्यांची नावे. त्यांच्याखेरीज कोणी आले तर आधी फोन. बुडालेल्या तासांचे काय, तेही विचारावे. पावती संस्थेच्या नावाची घ्यावी. प्रशिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पैसे पाठवले, तर परतावा मागायचा कोणाकडे, हेच पुढे ठरत नाही.