जुना ट्रॅक्टर घेताना या चुका टाळा: मीटरआधी हूक बघा

गावात कुणी जुना ट्रॅक्टर बघायला निघालं की मला फोन येतो. मी मिस्त्री नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत स्वतःचे तीन आणि लोकांचे पंचवीस तरी ट्रॅक्टर बघून झालेत, त्यात दोनदा मी स्वतः फसलोय, म्हणून लोक विचारतात. वैताग एवढाच की फोन बहुतेक वेळा इसार देऊन झाल्यावर येतो. "पन्नास हजार दिलेत, आता तुम्ही फक्त एक नजर टाका." आता नजर टाकून काय करू? दृष्ट काढू?

मीटर बघून भाव ठरवणे

नवखा माणूस आधी रंग बघतो, मग मीटर. रंग चार दिवसांपूर्वी मारलेला असतो. ग्रीसच्या निपलवर आणि रबरी पायपांवरही रंग चढलेला दिसला तर समजायचं की गडी घाईत होता. मीटरची गोष्ट त्याहून वाईट. जुन्या ट्रॅक्टरांत मीटर इंजिनकडून येणाऱ्या केबलवर चालतं. केबल सोडली की मीटर झोपलं, ट्रॅक्टर चालूच. केबल जोडलेली असली तरी त्यातला तास घड्याळाचा नसतो. इंजिन ठरलेल्या आरपीएमवर फिरलं तरच दोन्ही जुळतात. कमी रेसवर दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरचं मीटर मागंच राहतं.

म्हणून ट्रॅक्टर किती चालला हे मी विचारत नाही. कुठं चालला ते विचारतो, आणि उत्तर मालकाच्या तोंडून न घेता लोखंडाकडून घेतो.

आमच्या अकलूज-माळशिरस पट्ट्यात ट्रॅक्टरच्या दोन जाती आहेत. एक शेतातला, दुसरा कारखान्याच्या रस्त्यावरचा. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की हा दुसरा मार्च-एप्रिलपर्यंत रात्रंदिवस उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतो. चढाला पुढची चाकं उचलायला लागतात म्हणून बंपरवर दगड नाहीतर वजनं बांधलेली असतात. क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग, सगळा मार तिथं बसतो. असा ट्रॅक्टर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. त्याचा भाव वेगळा असतो, एवढंच. आणि विकणारा तो त्या भावानं कधीच विकत नाही. "एका हातचा, घरगुती, फक्त रोटरवर चाललाय" (रोटर म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी मागं जाऊन खाली बसतो.

आमच्या दाजींचं ऐका. माणूस शहाणा, पण घाईचा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, मृग तोंडावर आलेला. ४५ एचपीचा, २०१४ सालचा ट्रॅक्टर त्यांनी रात्री आठ वाजता मोबाईलच्या उजेडात बघितला आणि सकाळी दारात आणून उभा केला. मीटरवर २,३४० तास. मी पोचलो तेव्हा नारळ फुटला होता, बॉनेटवर झेंडूचा हार होता. मी मागं जाऊन उकिडवा बसलो. ट्रॉली अडकवायच्या हूकच्या पट्टीचं भोक गोल राहिलंच नव्हतं. मागच्या अंगानं लांबून अंड्यासारखं झालं होतं, आणि आतली पिन तशीच ठेवून माझी करंगळी तिच्या शेजारी आरामात बसली. उलट अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालच्या हातांचे बॉल कोरेकरकरीत. दहा वर्षं रोटर उचलला असता तर ते केव्हाच खडखडले असते. क्लचच्या पायडलवर नवं रबर होतं, ते उचललं तर खालचं लोखंड एका बाजूनं उतरतं झिजलेलं. पुढं बंपरच्या कानावर दोन ठिकाणी वेल्डिंग, वर नवा रंग.

ताई चहा घेऊन आली. म्हणाली, "खाली काय शोधतोस रे?" मी म्हटलं, पिन पडलीय का बघत होतो. हार घातलेल्या ट्रॅक्टरसमोर आणखी काय बोलणार?

जूनमध्ये काळ्या रानात पलटी नांगर लावला आणि दुसरा गिअर निसटायला लागला. चार दिवसांनी मागच्या हाऊसिंगमधून घुंई असा आवाज. फिटरनं ऑइल काढून फडक्यावर घेतलं तर त्यात मिठाईवरच्या वर्खासारखा लोखंडाचा चुरा चमकत होता. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्राउन-पिनियनचे दात गेलेले. खोललंच आहे तर क्लचप्लेटही, गिअरही. सत्तर हजार गेले आणि अकरा दिवस गेले. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मी तर चालती गाडी दिली होती."

तेव्हा आधी हूक, मग लिफ्टचे बॉल, मग पायडलचं रबर उचलून खालचं लोखंड. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला फिटर लागत नाही. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकेका गिअरमध्ये रेस वाढवून एकदम सोडायची. झिजलेला गिअर तिथं बाहेर उडी मारतो. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवायचं, किंगपिन आणि बुशचा खेळ हाताला कळतो. मालक म्हणाला "जॅक कशाला?" तर मी चप्पल घालतो आणि निघतो.

गरम इंजिन बघायला जाणे

दहाची वेळ द्यायची आणि सातला जायचं. याला कुणी आगाऊपणा म्हणेल, म्हणू दे. दहाला गेलात तर इंजिन तापवून ठेवलेलं असतं, आणि गरम इंजिन हे लग्नातल्या नवरदेवासारखं असतं, सगळंच छान दिसतं. पोचल्यावर पहिला हात सायलेन्सर जिथं इंजिनला जोडलाय तिथं, आधी लांबून ऊब बघत. कोमट लागलं तर चहा घ्या, पेपर वाचा, गार होऊ द्या.

गार इंजिन सेल्फवर किती वेळात सुटतं ते बघा. सुरुवातीचा थोडा धूर निघून जातो, त्याची काळजी नको. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. लोड नसताना काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोजल-पंप. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून चुलीसारखा भकभक धूर आला तर पिस्टन-रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघालंच. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर घरी जा. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल टाकायची युक्तीही जुनीच आहे. डिपस्टिक पुसून ऑइल दोन बोटांत घेतलं की सवयीच्या माणसाला अंदाज येतो. तुम्हाला येत नसेल तर ज्याला येतो त्याला न्या. आणि त्याला पेट्रोलचे पैसे द्या.

लहान-सहान, पण महागात जाणाऱ्या

लिफ्टला काहीच न लावता "वर-खाली होते" एवढंच बघणे. रोटर लावा, उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत वीतभर खाली आला तर सील किंवा व्हॉल्व्ह. उचललेल्या अवजाराखाली मात्र डोकं घालू नका, बघायची हौस असली तरी.

पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, न फिरवणे. शाफ्टचे दात बोटानं चाचपा, धारदार लागले तर झिजलेत.

टायरची नुसती नक्षी बघणे. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी उंच आणि वर्ष जुनं, तर तो रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, आहे का ते तपासा. नव्या जोडीचा भाव दुकानात विचारून तो सरळ किमतीतून वजा करायचा.

भाताच्या चिखलणीचा ट्रॅक्टर कोरड्या भागात आणताना मागच्या एक्सलचं ऑइल न बघणे. कोकणातून, भंडारा-गोंदियातून आलेल्या मशिनीत चिखलाचं पाणी सीलमधून आत जातं.

शेजाऱ्याकडं ५० एचपी आहे म्हणून आपणही घेणे. पाच फुटी रोटर आणि तीन एकर रान असलेल्या माणसाला तो कशाला हवा, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

स्टॅम्प पेपरवर भरवसा

ही मीटरनंतरची दुसरी मोठी चूक, आणि तिच्यावर मी जरा जास्तच बोलतो, कारण तरुण पोरं यातच अडकतात. रील बघून इंजिनचा आवाज ओळखायला शिकतात, पण आरसी बुकाची दुसरी बाजू उलटून बघत नाहीत.

शेजारच्या गावातल्या एका पोरानं ट्रॅक्टर घेतला. पैसे पूर्ण दिले, नोटरी केली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आरसीवर एका फायनान्सचा बोजा होता. विकणारा म्हणाला, "शेवटचे चार हप्ते राहिलेत, आठ दिवसांत एनओसी देतो." आठ दिवसांचे चौदा महिने झाले. मग एका सकाळी दोन मोटरसायकली आल्या, सोबत एक ड्रायव्हर. त्यांनी कागद दाखवला आणि मळणी चालू असताना ट्रॅक्टर नेला. मळणीयंत्र तिथंच राहिलं, अर्धी मका आत. पोरगा नोटरीचा कागद घेऊन तालुक्याला हिंडला. पण कर्ज ज्या वाहनावर आहे त्यावर फायनान्सचा हक्क आधी, आणि ज्यानं पैसे खाल्ले त्याचा फोन बंद.

माझी पद्धत ठरलेली आहे. इसाराआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा आणि पासिंगची, म्हणजे आरटीओ नोंदणीची, मुदत बघतो. पहिलं पासिंग १५ वर्षांचं असतं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा "बारा वर्षांचाच आहे" असं कुणी म्हणालं की तीन वर्षांनी येणारा खर्चही मोजायचा. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि तो छाप आरसीशी अक्षर-अक्षर ताडतो. बोजा असेल तर विकणाऱ्यासोबत बँकेत जातो, थकलेली रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरतो आणि उरलेले पैसे एनओसी आणि सही केलेला, बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्यावरच देतो. नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच दिवशी. दुसऱ्या राज्यातलं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आल्याशिवाय इसारच नाही. ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, तिचेही कागद वेगळे मागायचे. "ट्रॉली तशीच घ्या" म्हणजे ती तशीच पकडली जाणार.

विकणारा नाव बदलायला टाळाटाळ करायला लागला की मी त्याला त्याच्या फायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईसाठी जबाबदार धरला जाणार तो आरसीवर नाव असलेला मालक, मग वाहन कितीही हातांत फिरलेलं असो. एवढं ऐकलं की माणूस स्वतः मोटरसायकल काढतो. विमा मात्र आपल्या नावावर करून घ्यायचं काम आपलंच.

चुकीच्या महिन्यात जाणे

मे-जूनमध्ये विकणारा राजा असतो. पाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याला लोक जुना देऊन नवा घेतात, तेव्हा मी त्या सणांनंतर पंधरा दिवसांनी निघतो; एक्स्चेंजला आलेले ट्रॅक्टर तोवर डीलरच्या आवारात धूळ खायला लागलेले असतात. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या शेती ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. पण दलाल अजून आधीच्या नव्या किमतीच्या हिशेबानं जुन्याचा भाव सांगतात. त्याच मॉडेलच्या नव्या ट्रॅक्टरचं कोटेशन खिशात ठेवून जा. बोलायची गरज पडत नाही, कागद बाहेर काढला की पुरतं.

आणला, आणि लगेच जुंपला

ट्रॅक्टर घरी आला की तो सगळ्यात आधी दोन दिवस उभा राहतो. आमच्याकडं तरी. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिकचं ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, एकदम बदलायचं, आधीच्या मालकानं "परवाच बदललंय" म्हटलं असलं तरी. काढलेलं गिअरबॉक्सचं ऑइल जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचं आणि फडकं उन्हात धरून बघायचं. मग मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा. दाजींच्या मडगार्डवर आता अशा सहा ओळी आहेत. सगळ्यात वरची ताईच्या हातची आहे, आणि आकड्यापुढं तिनं कंसात लिहिलंय: खोटा.