वेबसाइट सर्व्हरवर चढवण्याआधी: मजकूर फाइलींमधले न दिसणारे बाइट

विंडोजवर तयार केलेली वेबसाइट लिनक्स सर्व्हरवर चढवली की घरी नीट चालणारी स्क्रिप्ट तिथे '५००'ची (सर्व्हरच्या आतली) चूक दाखवते, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. कोड तोच असतो. फरक पडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या बाइटमुळे: ओळ कशी संपते, अक्षरं कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत) साठवली आहेत आणि एफटीपीने, म्हणजे फाइली सर्व्हरवर पाठवण्याच्या नेहमीच्या रीतीने, वाटेत काय बदललं. भरवशाची रीत एकच आहे. फाइलला तिचं शेवटचं रूप आपल्याच संगणकावर द्या (यूटीएफ-८ हे एन्कोडिंग, सुरुवातीला बॉम नावाचे जादा बाइट नाहीत, ओळीच्या शेवटी फक्त एलएफ ही खूण) आणि मग ती बायनरी पद्धतीने, एकही बाइट न बदलता पाठवा.

ओळ कुठे संपते

टेलिप्रिंटरमध्ये छपाईचं डोकं डावीकडे परत आणणं आणि कागद एक ओळ पुढे सरकवणं ही दोन वेगळी कामं होती. पहिल्याची खूण सीआर, म्हणजे बाइट १३. दुसऱ्याची एलएफ, म्हणजे बाइट १०. विंडोज आजही ओळीच्या शेवटी दोन्ही लिहितं, म्हणजे सीआरएलएफ. लिनक्स आणि आजचं मॅक फक्त एलएफ लिहितात; मॅक ओएस ९ पर्यंत नुसता सीआर असे.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वाचताना ब्राउझरला यातली कुठलीही खूण चालते. पीएचपीही सीआरएलएफवर अडत नाही. म्हणून पानं दिसत राहतात आणि दोष लक्षात येत नाही. गाडी अडते ती सर्व्हर थेट चालवतो त्या शेल, पर्ल किंवा पायथन स्क्रिप्टपाशी. तिच्या पहिल्या ओळीत #! नंतर स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची त्याचा पत्ता असतो. लिनक्स ही ओळ एलएफपर्यंत वाचतं, त्यामुळे आधीचा सीआर पत्त्यालाच चिकटतो. 'बॅश' नावाचा प्रोग्राम सर्व्हरवर असतो, पण शेपटीला सीआर असलेला 'बॅश' नसतो. मग 'अशी फाइल नाही' असा संदेश येतो आणि आपण समोर दिसणारीच फाइल शोधत बसतो.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे फाइलची सध्याची खूण दिसते. ती बदलायला 'एडिट' मेनूतल्या 'ईओएल कन्व्हर्जन'मधून 'युनिक्स' निवडा. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीतल्या 'सीआरएलएफ'वर क्लिक करून 'एलएफ' निवडा आणि फाइल सेव्ह करा. फाइल आधीच सर्व्हरवर गेली असेल, तर तिथे 'डॉस-टू-युनिक्स' (dos2unix) ही आज्ञा चालवा. ती सीआर काढते आणि बॉम असेल तर तोही काढते. विंडोजच्या बॅच फाइलींना मात्र हात लावू नका, त्यांना सीआरएलएफच हवा.

शेवटच्या ओळीनंतरही एक एलएफ असू द्या. दोन जावास्क्रिप्ट फाइली एकापुढे एक जोडल्या आणि पहिलीची अखेर दोन तिरक्या रेघांच्या टिप्पणीने झाली असली, तर एलएफअभावी दुसरीची पहिली ओळ त्या टिप्पणीतच जाते.

मराठी अक्षरं बिघडतात तेव्हा

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा ५ चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटचा. यातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. निदानाची किल्ली इथेच आहे. पानावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हापुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. ब्राउझर तो चुकीच्या एन्कोडिंगने वाचतो आहे इतकंच. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. पण सगळीकडे प्रश्नचिन्हं असतील आणि फाइल उघडून पाहिल्यावर तीच दिसत असतील, तर अक्षरं गेली. देवनागरी न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये कुणीतरी फाइल सेव्ह केली आहे आणि ती मूळ प्रतीवरूनच पुन्हा करावी लागेल.

जुन्या नोटपॅडचा 'एएनएसआय' हा पर्याय नेमकं हेच करतो. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल बॉमशिवाय यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. त्याआधीच्या संगणकावर सेव्ह करताना एन्कोडिंग स्वतः निवडा. 'युनिकोड' हा तिथला पर्यायही नको, कारण तो यूटीएफ-१६ असतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराला यातला कुठलाच उपाय लागू नाही. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

पानाच्या 'हेड' भागात कॅरेक्टर सेटची ओळ, म्हणजे पानाचं एन्कोडिंग सांगणारी ओळ, शीर्षकाच्याही वर लिहा. एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे ती पहिल्या १०२४ बाइटमध्ये पूर्ण यायला हवी, आणि देवनागरीची जेमतेम ३४१ चिन्हं एवढी जागा खातात. लांबलचक मराठी वर्णन आधी आलं की ओळ हद्दीबाहेर गेलीच.

बॉम म्हणजे यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला काही एडिटर ठेवतात ते ३ बाइट: २३९, १८७, १९१. एचटीएमएलला ते चालतात. पीएचपीत मात्र ते कोडच्या आधीच ब्राउझरकडे रवाना होतात, 'हेडर (पानाआधी सर्व्हर ब्राउझरला पाठवतो ती माहिती) आधीच पाठवले गेले' अशा अर्थाचा इशारा येतो आणि कुकी, सेशन, रीडायरेक्ट बंद पडतात. आउटपुट बफरिंग (पान लगेच न पाठवता आधी साठवून ठेवणं) चालू असलेल्या संगणकावर हा दोष लपून राहतो, म्हणून घरी चालतं आणि सर्व्हरवर अडतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'एन्कोडिंग' मेनूतून 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' निवडा. नावात बॉम असलेला पर्याय नको.

बॉम घालवण्यासाठी 'सगळी अदृश्य चिन्हं काढा' असली साधनं वापरू नका. काही कीबोर्ड 'दऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ते गेलं की डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो आणि वाचक थेट समुद्रात पोचतो.

पाठवताना

एफटीपीच्या १९८५ च्या मानकात मूळ पद्धत 'अ‍ॅस्की' आहे. तिच्यात ओळींच्या खुणा वाटेत बदलतात. प्रतिमा या पद्धतीने गेली तर बिघडते. पीएनजी बनवणाऱ्यांनी हे ओळखूनच पहिल्या ८ बाइटमध्ये १३, १० आणि शेवटी पुन्हा १० ठेवले आहेत: कुणी सीआर काढला किंवा घातला की ही सही मोडते आणि चित्र सरळ नाकारलं जातं. जेपीईजीला अशी सही नाही, त्यामुळे ते कधी अर्धवट उमटतं आणि चूक उशिरा कळते.

फाइलझिलाच्या 'ट्रान्सफर' मेनूत 'ट्रान्सफर टाइप' उघडून 'बायनरी' निवडा. तिथला 'ऑटो' पर्याय फाइलच्या नावाच्या शेपटावरून अंदाज बांधतो, आणि तो प्रत्येक वेळी बरोबर येईलच असं नाही. शक्य असेल तर एसएफटीपी (फाइली सुरक्षित जोडणीवरून पाठवण्याची वेगळी रीत) वापरा, तिथे हे रूपांतर सहसा होतच नाही. म्हणून तर फाइल आधीच एलएफवर आणलेली हवी.

चढवून झाल्यावर दोन्हीकडची फाइलची लांबी बाइटमध्ये ताडून पाहा. ४०० ओळींची फाइल सर्व्हरवर बरोबर ४०० बाइटने लहान असेल, तर वाटेत प्रत्येक ओळीचा सीआर गळला आहे. ओळींमध्ये अचानक एकेक रिकामी ओळ आली असेल, तर सीआर दोनदा लागला आहे.

हे सगळं जुळूनही अक्षरं बिघडलेली असतील, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला 'नेटवर्क' टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा आणि 'कंटेंट-टाइप' हा हेडर वाचा. त्यात दुसरं एन्कोडिंग असेल, तर ब्राउझर तुमच्या पानातल्या ओळीपेक्षा त्याचंच ऐकतो. अपाची या वेब सर्व्हरवर 'अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट' (AddDefaultCharset) या निर्देशात यूटीएफ-८ लिहा, आणि ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत, म्हणजे कॅश, रिकामा करून मगच पान पुन्हा तपासा.