पिकअपचा नेमका कोणता सिलिंडर मिसिंग करतोय, ते कसं शोधायचं?

नागपूरच्या कळमना मार्केटकडे संत्री घेऊन निघालेल्या पिकअपला उड्डाणपूल चढताना दम लागतो, सिग्नलला उभी असली की ती एका ठेक्यात थरथरते, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘‘भाऊ, गाडी मिसिंग करून राहिली, चारही प्लग अन् कॉइल टाकून देऊ.’’ थांबा. मिसिंग म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं. ठेका धरून बसणारा झटका बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. आधी तो शोधायचा, सामान नंतर आणायचं.

इथली पद्धत पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी वेगळी कॉइल असलेल्या गाड्यांची आहे. डिझेलचं शेवटी बघू. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर माल घेऊन पुढे जाऊ नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो.

सर्वांत आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. मोजणी सहसा बेल्टच्या बाजूने सुरू होते. पी०३०० आला तर दोष बहुधा एका सिलिंडरचा नाही. तिथे हवेची गळती, इंधनाचा दाब असं सामायिक काहीतरी पाहावं लागतं.

स्कॅनर नसेल तर इंजिन बंद करून एका कॉइलचा आणि त्याच सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करून थोडा वेळ ऐका. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. चालू इंजिनवर कॉइल उपटायची जुनी सवय मात्र सोडा. विजेचा झटका जोरदार बसतो.

आता सीएनजीचा फायदा घ्या. गाडी पेट्रोलवर टाका. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर त्या सिलिंडरचा पेट्रोल इंजेक्टर बघा. फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा इंजेक्टर किंवा अशक्त ठिणगी. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग आधी सीएनजीवरच बोंब मारतो. दोन्हींवर असेल तर कॉइल, प्लग नाहीतर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब.

समजा, तिसरा सिलिंडर सापडला. त्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर हाच खेळ प्लगचा. या अदलाबदलीला एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच.

प्लग काढण्याआधी खाचेत डोकावा: धुलाईचं पाणी किंवा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून उतरलेलं ऑइल दिसलं तर ठिणगी तिथेच वाट चुकते. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगी पडत नाही. ऑइलने माखलेलं असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील संशयित.

इथवर सगळं ठीक निघालं तर कम्प्रेशन. इंधन आणि ठिणगी बंद, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि चारही आकडे शेजारी लिहा. एकच फार कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग; नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सीएनजीच्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेट घट्ट होतात, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी होते, ते आधी तपासून घ्या.

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतो. जुन्या इंजिनांवर इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून सिलिंडर ओळखत; कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांवर, ते चुकूनही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. इंजेक्टरची रिटर्न तपासणी, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल मोजणं, वर्कशॉपमध्येच करा. डिसेंबरच्या सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग असेल, आणि इंजिन तापल्यावर थांबत असेल, तर थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग बघा. तसंच मे महिन्यात होत असेल तर आधी इंजेक्टर आणि कम्प्रेशन तपासायला सांगा.