डेन्ट्रीचे वर्षावन ते उलुरू: विद्यार्थ्यांच्या सहलीत या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी सहलीची पालक सभा असली की पहिला प्रश्न सापांचा येतो, दुसरा कोळ्यांचा आणि तिसरा जेवणाचा. उन्हाबद्दल कोणी विचारत नाही. ऊन आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण धरून चालतो. गटाचा दिवस बिघडतो तो मात्र वेगळ्याच कारणांनी: चुकीचा महिना, ओले बूट, पाणी दिसले की पाय बुडवायची सवय, आणि त्रास होत असूनही गप्प बसलेला मुलगा.

मी इथे गृहीत धरलेला मार्ग नेहमीचाच आहे. क्वीन्सलँडच्या उत्तरेला केर्न्स, तिथून डेन्ट्री नदी ओलांडून केप ट्रिब्युलेशनचे वर्षावन, मग विमानाने मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले ॲलिस स्प्रिंग्ज आणि पुढे बसने किंग्ज कॅन्यनची दरी, काटा जुटाचे खडकाळ घुमट आणि उलुरू हा प्रचंड लाल खडक. एकाच सहलीत दोन उलट टोकांचे प्रदेश येतात. पहिल्यात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, दुसऱ्यात ओठ फुटतात. दोन्हींसाठी एकच तयारी केली की गडबडीला सुरुवात होते.

दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण

शाळांना दोनच मोठ्या सुट्ट्या मिळतात आणि दिवाळीत जायचा मोह होतो. ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत ठीक आहे. नोव्हेंबर उजाडला की उत्तर क्वीन्सलँडमध्ये पावसाळ्याचे वेध लागतात, समुद्रात विषारी जेलीफिशचा हंगाम सुरू होतो आणि मध्य ऑस्ट्रेलियात पारा चाळिशीकडे सरकतो. त्यांचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ आले, तेव्हा वाऱ्यापेक्षा त्यानंतरच्या पावसाने जास्त नुकसान केले. दरडी कोसळून केप ट्रिब्युलेशनकडचा रस्ता बंद पडला होता. नाताळच्या सुट्टीत ही सहल विकणाऱ्याला दोनदा प्रश्न विचारा.

आपली उन्हाळ्याची सुट्टी मात्र इथे उत्तम जुळते, त्यातही मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. वर्षावनात पाऊस ओसरलेला असतो आणि वाळवंटात दिवस सुखाचे असतात. फक्त त्या वेळी तिकडे हिवाळा सुरू होत असतो, आणि इथेच पुढची चूक होते. ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे उष्ण’ या समजुतीने मुले सुती टी-शर्ट आणि हाफ पँट भरून निघतात. जून-जुलैत ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसरात दिवसा वीस अंश असले तरी रात्री पारा शून्याखालीही जातो. अशा रात्री मुले स्वॅगमध्ये, म्हणजे गादी आतच असलेल्या कॅनव्हासच्या वळकटीत, उघड्या आकाशाखाली झोपणार असतात. कानटोपी, पायमोजे, अंगाला चिकटून बसणारा थर्मल आणि जाड जॅकेट यांना पर्याय नाही.

कागद आणि खाऊ

भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा झटपट इलेक्ट्रॉनिक परवाना मिळत नाही, रीतसर व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो आणि तो प्रत्येक मुलाचा वेगळा. अठरा वर्षांखालचे मूल आईवडिलांशिवाय जाणार असेल तर फॉर्म १२२९ वर पालकांची संमती लागते. आई आणि वडील दोघांच्या सह्या घ्या. एक पालक परगावी असला की हा कागद हमखास शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो.

खाऊच्या बाबतीत आपण जास्त चुकतो. पेढे, बर्फी, गुलाबजाम असे दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. ताजी फळे, बिया, कढीपत्ता यांचेही तेच. चिवडा, मसाला, लोणचे असे जे काही बॅगेत असेल ते विमानातल्या प्रवासी कार्डावर जाहीर करायचे. जाहीर केलेला पदार्थ चालणारा नसला तर फार तर काढून घेतात. लपवलेला सापडला तर दंड हजारो डॉलरचा होऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. म्हणून आजीने गुपचूप बॅगेत काय सरकवले, हे निघायच्या आदल्या रात्री मुलाने स्वतः पाहावे.

त्याच कार्डावर आणखी एक प्रश्न असतो: गेल्या तीस दिवसांत शेत, जनावरे, रानातला भाग किंवा गोड्या पाण्याचे ओढे-तळी यांच्याशी संबंध आला का? सहलीचा सराव म्हणून राजगड किंवा हरिश्चंद्रगड करून आलेल्या मुलांनी इथे ‘हो’ लिहायचे आणि बुटांचे तळवे ब्रशने घासून निघायचे. चिखल दिसला तर बूट धुवायला घेऊन जातात आणि पूर्ण गट तिथे ताटकळतो.

वर्षावनात हात आवरायचा

डेन्ट्री हे जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांपैकी एक. १९८८ पासून ते जागतिक वारसा क्षेत्राचा भाग आहे आणि २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकु यालान्जी या मूळ रहिवाशांकडे परत आली. तिथे चालताना मुले सवयीने येता-जाता पानांना हात लावतात, चढावर वेली धरतात. सह्याद्रीत ते बहुधा खपून जाते. तिथे नाही.

जिम्पी-जिम्पी नावाचे एक झुडूप आहे. पान हृदयाच्या आकाराचे, कडा दातेरी, दिसायला मऊ. त्यावरची बारीक लव काचेसारखी कातडीत घुसते आणि वेदना आठवडेच काय, काही वेळा महिनेही पुन्हा पुन्हा उठते. वाळलेले पानही तितकेच वाईट. हे झुडूप घनदाट अंधारात कमी आणि उजेड पोचतो तिथे जास्त वाढते, म्हणजे झाड पडून मोकळी झालेली जागा, पायवाटेची कड. फोटोसाठी मुले वाटेवरून दोन पावले बाजूला सरकतात, नेमकी तिथे. पान लागलेच तर चोळू नका, खाजवू नका. गाइडला लगेच सांगा. केस काढायच्या मेणाच्या पट्टीने ती लव ओढून काढतात, म्हणून अशा दोन-चार पट्ट्या गटाच्या प्रथमोपचार पेटीत असाव्यात. वेदना जास्त असेल तर डॉक्टर गाठावाच लागतो.

जळवांचा आपल्याकडे उगाच बाऊ होतो. मिठाची पुडी आणि लांब मोजे पुरतात.

कॅसोवरी दिसणे हे भाग्य आहे. माणसाएवढा उंच, उडता न येणारा हा पक्षी पायाच्या आतल्या बोटाच्या लांब नखीने जबर इजा करू शकतो. तो समोर आला की पाठ फिरवून पळण्याची चूक करू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका आणि पाठीवरची सॅक काढून पुढे धरा. खायला तर मुळीच घालू नका. माणसाच्या हातचे खायला सोकावलेला कॅसोवरी पुढच्या गटावर चाल करून येतो.

पाणी दिसले की थांबा

आपल्या मुलांचा सर्वांत पक्का संस्कार म्हणजे नदी आली की पाय बुडवायचे. डेन्ट्री नदी, तिच्या खाड्या, खारफुटी आणि जवळचे किनारे हा खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा मुलूख आहे. पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर लांब राहायचे, हा तिथला नियम. बूट धुवायला, बाटली विसळायला, फेरीबोटीची वाट पाहताना दगड भिरकावायलासुद्धा खाली उतरायचे नाही. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असा अर्थ काढू नका. रोज त्याच वेळी त्याच जागी जाणे तर आणखी वाईट, कारण मगर काठावरची हालचाल टिपून ठेवते.

मग पोहायचे कुठे? गाइड दाखवील त्या जागी, आणि त्याने नाही म्हटले तर नाही. ‘स्थानिक मुले उतरलीत की’ हा युक्तिवाद प्रत्येक गटात कोणीतरी करतेच.

समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी ही नखाएवढी जेलीफिश असते. जाळी लावलेला भाग आणि अंगभर स्टिंगर सूट, म्हणजे डंखापासून वाचवणारा पोशाख, ही दोन्ही पथ्ये पाळा. इरुकांजी इतकी छोटी की जाळीतूनही आत येऊ शकते, त्यामुळे सूट ‘नको, गरम होतं’ म्हणून सोडायचा नाही. दंश झाला तर आधी पाण्याबाहेर काढा, मग डंखावर किमान तीस सेकंद व्हिनेगर ओता. तिथल्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या याचसाठी ठेवलेल्या असतात. गोडे पाणी ओतू नका, चोळू नका. इरुकांजीचा डंख सुरुवातीला किरकोळ वाटतो आणि अर्ध्या तासाने पाठ-पोटदुखी, उलट्या सुरू होतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका, लगेच ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

मधला दिवस वाया घालवू नका

केर्न्सहून ॲलिस स्प्रिंग्जला निघायच्या आदल्या दिवशी बहुतेक गट बाजारात फिरतात. त्यातले दोन तास बॅगेला द्या. ओलसर कपडे धुऊन ड्रायरमध्ये घाला, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ओल्या बुटांनी मऊ पडलेली कातडी किंग्ज कॅन्यनच्या खडकावर एका सकाळीत सोलून निघते. बुटांचे दोन जोड न्या आणि दोन्ही आधी वापरलेले. सहलीसाठी घेतलेले कोरे बूट पहिल्यांदा तिथे घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण. टाचेला चुरचुर सुरू झाली की त्याच क्षणी पट्टी लावा. चालून झाल्यावर लावलेली पट्टी उशिराची.

आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड प्रदेशात, घड्याळ बघून चालायचे

किंग्ज कॅन्यनच्या कड्यावरची फेरी सहा किलोमीटरची आहे आणि सुरुवातीलाच सरळ चढ. त्या दिवशी ३६ अंश किंवा अधिक तापमानाचा अंदाज असेल तर सकाळी नऊनंतर फेरी सुरू करू देत नाहीत. काटा जुटाच्या व्हॅली ऑफ द विंड्सची लांबची वाट अशा दिवशी अकराला बंद होते. नाश्त्याला अर्धा तास उशीर झाला तर कार्यक्रमातले मुख्य ठिकाणच हुकते. मुलांना हे कारण समजावून सांगितले की ती पाचला उठतात. नुसते ‘लवकर उठा’ म्हटल्याने उठत नाहीत.

गरम दिवशी चालताना तासाला एक लिटर पाणी लागते. हवा कोरडी असल्याने घाम जागच्या जागी उडतो, अंग कोरडे राहते आणि मुलाला वाटते आपल्याला घाम येतच नाही. केर्न्समध्ये चिंब भिजलेला शर्ट पाण्याची आठवण करून देत असतो, इथे तसे कोणी आठवण करून देत नाही. नुसत्या पाण्याबरोबर ओआरएसही द्या. डोके दुखणे, मळमळ, चिडचिड सुरू झाली तर सावलीत बसवा, कपडे ओले करा, घोट घोट पाजा. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपत असेल तर पाजण्यात वेळ घालवू नका, अंग गार करत राहा आणि मदत बोलवा.

आता साप. बहुतेक साप चाहूल लागताच निघून जातात. चावलाच तर तिथली पद्धत अशी: जखम धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही. चावलेल्या पूर्ण अवयवावर रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळून तो हलणार नाही असा बांधायचा आणि रुग्णाला चालवायचे नाही.

अंतराचा अंदाजही चुकतो. ॲलिस स्प्रिंग्ज ते उलुरू हे अंतर साडेचारशे किलोमीटर, मध्ये मोजकी रोडहाउस, म्हणजे पेट्रोल आणि खाणे मिळणारे थांबे. शाकाहारी, जैन किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचे जेवण तिथे पोचून सांगितले तर तळलेल्या बटाट्यांवर दिवस काढावा लागतो. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा एक प्रचंड डोंगर दिसतो आणि बस जल्लोषाने भरते. तो माउंट कॉनर. उलुरू अजून बरेच लांब असते.

उलुरूवर चढता येईल या आशेवर अजून काही जण असतात. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद आहे. अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी ती पवित्र जागा, आणि १९८५ मध्ये २६ ऑक्टोबरलाच ती जमीन त्यांना परत मिळाली होती. पायथ्याची सुमारे दहा किलोमीटरची प्रदक्षिणा चढाईपेक्षा कितीतरी जास्त दाखवते, असे माझे मत. काही भागांत फोटो काढायला मनाई आहे, तिथे पाट्या आहेत, ‘एकच काढतो’ चालत नाही. लाल माती किंवा दगड आठवण म्हणून उचलणे बेकायदा आहे. उचललेले दगड पश्चात्तापाने परत पाठवणाऱ्यांची पार्सले उद्यानाकडे येत असतात.

न सांगितलेला त्रास

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही. आपली मुले शिक्षकांना त्रास सांगत नाहीत. सर रागावतील, गट थांबेल, मित्र हसतील. तिथला गाइड मात्र विचारतो ‘ठीक आहेस ना?’ आणि ‘हो’ ऐकले की विश्वास ठेवून पुढे जातो. आपल्याकडचे ‘हो’ बऱ्याचदा नुसते सौजन्य असते.

मुलींच्या बाबतीत यात एक भर पडते. वाटेत स्वच्छतागृह नसेल या धास्तीने मुली पाणीच पीत नाहीत. ही सवय एसटीच्या प्रवासात खपते, वाळवंटात ती सरळ दवाखान्यात नेते. यावर उपाय भाषण नाही, माहिती आहे. सकाळी बस सुटण्यापूर्वी आज कुठे कुठे थांबणार, कुठे स्वच्छतागृह आहे आणि जिथे नाही तिथे आडोशाला कसे जायचे, हे शिक्षिकेने मुलींना स्वतंत्र सांगावे. पाळीचे सामान प्रत्येकीकडे असावेच, शिवाय गटाच्या पेटीतही ठेवावे. मुलांच्या जोड्या लावा आणि प्रत्येकाला स्वतःचे नाही, जोडीदाराचे विचारा: त्याने किती पाणी प्यायले, तो लंगडतोय का. दुसऱ्याचे सांगायला मुले कचरत नाहीत.

फोन

डेन्ट्री नदीच्या उत्तरेला मोबाइलची रेंज जवळजवळ नाही, आउटबॅकच्या रस्त्यांवरही मोठे टप्पे कोरे जातात. गटाकडे सॅटेलाइट फोन आहे का, हे सहल ठरवतानाच विचारा. रुग्णवाहिकेचा आणि विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हेही त्याच वेळी. क्वीन्सलँडमधल्या रहिवाशांना रुग्णवाहिका मोफत असते, पाहुण्यांना नाही. गाडी बंद पडली तर कोणीही मदत शोधायला चालत निघायचे नाही, सगळ्यांनी गाडीपाशी थांबायचे.

घरच्यांनी एक हिशेब फ्रिजवर लावून ठेवावा. क्वीन्सलँड आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, उलुरू चार तास. पुण्यात रात्री साडेनऊला जेवणे आटोपून केलेला फोन उलुरूच्या कॅम्पवर दीड वाजता खणखणतो, आणि त्या मुलांना सूर्योदयासाठी अंधारातच उठायचे असते. दुपारी चारची वेळ ठरवा, तेव्हा तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात.